बेसबॉलमधला सट्टा, अंपायर आणि कॅमेरे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यू जर्सीत येऊन मला बरीच वर्षं झाली. क्रिकेटवर वाढलेला माणूस इथे उन्हाळ्यात बेसबॉलकडे वळतो, कारण संध्याकाळी सातला टीव्हीवर दुसरं काही लागलेलं नसतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये क्लीव्हलंडच्या दोन पिचरांवर, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांवर, सट्टेबाजांशी संगनमत करून ठरवून चेंडू टाकल्याचं आरोपपत्र आलं, तेव्हापासून ओळखीचे लोक फोनवर, गणपतीत, पॉटलकला तेच तेच प्रश्न विचारतात. म्हणून उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवतो.

बेसबॉल कधीच पाहिला नाही. हे प्रकरण कळण्यापुरतं काय माहीत हवं?

क्रिकेटमध्ये अंपायरने दर चेंडूला "वाइड आहे" किंवा "वाइड नाही" असं ओरडून सांगायचं असतं, आणि त्यावरच निम्मा सामना ठरतो, अशी कल्पना करा. पिचर चेंडू टाकतो, बॅटर उभा असतो, त्याच्यामागे कॅचर बसलेला आणि कॅचरच्या खांद्यावरून डोकावणारा अंपायर. बॅटरने बॅट फिरवली नाही, तर चेंडू 'स्ट्राइक' की 'बॉल' हे अंपायर ठरवतो. त्यासाठी हवेत एक अदृश्य चौकट असते. तिची रुंदी जमिनीवरच्या होम प्लेटइतकी, म्हणजे १७ इंच, आणि उंची बॅटरच्या अंगलटीप्रमाणे. तीन स्ट्राइक झाले की बॅटर बाद. चार बॉल झाले की तो चालत पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या पहिल्या थांब्यावर.

ताशी ९५ मैलांनी येणारा चेंडू न दिसणाऱ्या चौकटीच्या कडेला चाटून गेला की नाही, हे माणसाने सांगायचं, आणि तेही एका सामन्यात शंभर-दीडशे वेळा. वाद व्हायचेच.

अमेरिकेत सट्टा कायदेशीर कधी झाला?

१९९२ च्या एका केंद्रीय कायद्याने नेवाडासारखे मोजके अपवाद सोडून राज्यांना खेळांवरच्या सट्ट्याला परवानगी देण्यास मनाई केली होती. आमच्याच न्यू जर्सीने तो कायदा कोर्टात खेचला आणि १४ मे २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. त्यानंतर एकेक राज्य सरकत गेलं. आज बहुतेक राज्यांत सट्टा कायदेशीर आहे. कॅलिफोर्निया आणि टेक्सास ही दोन सर्वांत मोठी राज्यं मात्र अजून बाहेर आहेत.

लोक नेमकं कशावर पैसे लावतात? कोण जिंकणार यावरच ना?

ते जुनं झालं. आता पुढच्या एका चेंडूवर लावता येतात: तो बॉल असेल की स्ट्राइक, अमुक वेगाच्या वर असेल की खाली. आपल्याकडचे बुकी ज्याला 'फॅन्सी' म्हणतात, त्याचाच हा अमेरिकन, परवानाधारक आणि जीएसटी भरून आल्यासारखा दिसणारा भाऊ.

मुंबईच्या माणसाला यात नवल वाटू नये. आपला मटका सुरुवातीला न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या दरांवरच चालायचा. तिकडून तारेने आलेल्या ओपन आणि क्लोजच्या आकड्यांवर इकडे लोक आकडा लावायचे. कापसाशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. त्यांना हवा होता लांबून येणारा, सहसा कुणाला फिरवता न येणारा आकडा. पुढे तो मिळायचा बंद झाला तेव्हा त्यांनी मडक्यातून चिठ्ठ्या काढल्या. एका चेंडूवर लावणाऱ्यालाही बेसबॉलशी तेवढंच देणंघेणं असतं. फरक इतकाच की हा आकडा एका माणसाच्या हातातून निघतो, आणि तो माणूस फिरू शकतो.

यात तंत्रज्ञान कुठे आलं?

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा प्रश्न हाच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मेजर लीगच्या, म्हणजे इथल्या सर्वांत वरच्या बेसबॉल स्पर्धेच्या, प्रत्येक मैदानावर हॉक-आयचे १२ कॅमेरे असतात. हॉक-आय म्हणजे क्रिकेटमध्ये एलबीडब्ल्यूच्या वेळी आपण पाहतो तेच. ते क्रिकेटच्या प्रक्षेपणात २००१ पासून आहे, बेसबॉलच्या स्टॅटकास्ट यंत्रणेत २०२० मध्ये आलं. त्याआधी २०१५ पासून स्टॅटकास्ट रडारवर चालायचं. प्रत्येक चेंडूचा वेग, फिरकी, वळण, तो प्लेटवरून कुठून गेला, हे सगळं काही क्षणांत नोंदवलं जातं. वेग मैलाच्या दहाव्या भागापर्यंत.

आता क्लीव्हलंडच्या आरोपपत्रातली एक पैज पाहा: अमुक चेंडूचा वेग ९४.९५ मैलांच्या वर जाईल की नाही. हा .९५ कुठून आला? मोजणी एकाच दशांशापर्यंत होते, म्हणून बुकीने रेष दोन आकड्यांच्या मधोमध ओढली. ९४.९ आला तर खाली, ९५.० आला तर वर, बरोबरी होणारच नाही. रडारगन हातात धरून वेग मोजायचे त्या काळात अशी पैज कुणी घेतलीच नसती, कारण हरलेला म्हणाला असता की तुझी गन खोटी. पैज घ्यायची तर दोघांनाही मान्य असलेला पंच लागतो. तो पंच कॅमेऱ्याने पुरवला.

ही माहिती लीगकडून अधिकृतपणे विकली जाते. स्पोर्टरडार ही कंपनी ती सट्टा कंपन्यांपर्यंत पोचवते आणि त्यांचा लीगशी असलेला करार २०२५ मध्ये २०३२ पर्यंत वाढवला गेला. ती किती जलद पोचते हे मी एकदा आमच्या गावातल्या बारमध्ये पाहिलं. टीव्हीवर पिचर अजून कॅचरच्या खुणा बघत मान हलवत होता. माझ्या शेजारी बसलेल्याने फोन टेबलावर पालथा ठेवला आणि म्हणाला, "आउट झाला." सात-आठ सेकंदांनी बॅटर टीव्हीवर बाद झाला. मैदानातलं 'आत्ता' फोनवर आधी येतं आणि टीव्हीवर मागून.

म्हणजे चेंडू अचूक मोजता यावा म्हणून बसवलेल्या यंत्राने प्रत्येक चेंडू विकायला काढण्याचीही सोय केली. अंपायरची चूक पकडणारी नजर आणि एका चेंडूवर लागणारा पैसा, दोन्ही एकाच तारेवरून येतात.

अंपायरच विकला गेला असं कधी झालंय का?

बेसबॉलमध्ये १८८२ मध्ये. डिक हिगम नावाच्या अंपायरला जुगाऱ्यांशी संगनमत केल्याच्या आरोपावरून नॅशनल लीगने हाकललं. डेट्रॉइटच्या संघाच्या अध्यक्षाला संशय आला होता. असं सांगतात की एका पत्रात सांकेतिक भाषा सापडली, 'लाकूड विकत घे' म्हणजे डेट्रॉइटवर लाव. त्या पुराव्यावर आजही इतिहासकारांचं एकमत नाही. पण नोंद आहे ती आहे.

बास्केटबॉलमध्ये टिम डोनॅगी या रेफरीने स्वतः काम पाहिलेल्या सामन्यांवर पैसे लावले आणि २००८ मध्ये त्याला १५ महिन्यांची शिक्षा झाली. आपल्याकडे पाकिस्तानी अंपायर असद रौफ यांचं नाव २०१३ च्या आयपीएल प्रकरणात मुंबई पोलिसांच्या तपासात आलं, आणि २०१६ मध्ये बीसीसीआयने त्यांच्यावर ५ वर्षांची बंदी घातली.

आणि ते अंपायर पॅट हॉबर्गचं प्रकरण?

ते वाचून मला खरंच वाईट वाटलं. २०२२ च्या वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे हंगामाच्या अंतिम मालिकेच्या, दुसऱ्या सामन्यात हॉबर्ग होम प्लेटमागे होता. बॅटरने न खेळलेले १२९ चेंडू आले आणि चाहत्यांच्या 'अंपायर स्कोअरकार्ड्स' या मोजणीनुसार त्याने १२९ च्या १२९ बरोबर दिले. यंत्राच्या तोडीस तोड माणूस म्हणून सगळे त्याच्याचकडे बोट दाखवायचे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये एका सट्टा कंपनीने लीगला कळवलं की याच्या खात्यात काहीतरी गडबड दिसते. चौकशीत निघालं ते असं. त्याने आपलं कायदेशीर बेटिंग खातं एका मित्राबरोबर वाटून घेतलं होतं. हा मित्र व्यावसायिक पोकर खेळाडू. त्याने एप्रिल २०२१ ते नोव्हेंबर २०२३ या काळात बेसबॉलवर १४१ पैजा लावल्या, एकूण रक्कम जवळपास २ लाख १४ हजार डॉलर. त्यातल्या आठ पैजा अशा सामन्यांवर होत्या की जिथे हॉबर्ग स्वतः मैदानावर किंवा रिप्लेच्या खोलीत कामावर होता. हॉबर्गने मित्राबरोबरचे टेलिग्रामवरचे संदेश पुसून टाकले होते. त्याने स्वतः बेसबॉलवर लावल्याचा किंवा एखादा निर्णय मुद्दाम फिरवल्याचा पुरावा सापडला नाही, असं लीगनेच सांगितलं. तरी ३ फेब्रुवारी २०२५ रोजी त्याची नोकरी गेली.

बरोबर झालं का? माझ्या मते हो. न्यायाधीशाने चांगले निकाल दिले म्हणून पक्षकाराबरोबर बँक खातं वाटून घ्यायला त्याला कुणी मुभा देत नाही. त्याचे १२९ चेंडू बरोबर होते हे आपल्याला कॅमेऱ्यामुळे ठाऊक आहे. पण संदेश पुसल्यावर पुढच्या प्रत्येक चुकीकडे लोकांनी कोणत्या नजरेने पाहिलं असतं? अंपायरला चुकण्याची मुभा असते ती तो निरिच्छ आहे या भरवशावर. तो भरवसा गेला की साधी चूकही संशयास्पद होते.

सट्टा लावणारे अंपायरचाही अभ्यास करतात का?

करतात, अगदी वहीत लिहून. अंपायरांची चौघांची टोळी असते आणि ती मैदानावर जागा बदलत फिरते. आज पहिल्या बेसवर असलेला अंपायर उद्या होम प्लेटमागे येतो. त्यामुळे उद्या कोण हे मालिकेतला पहिला सामना पाहणाऱ्यालाही कळतं. कुणाची चौकट ऐसपैस, कुणाची आवळलेली, हे सार्वजनिक आकड्यांत दिसतं. ऐसपैस चौकट म्हणजे जास्त स्ट्राइक आणि कमी धावा. 'एकूण धावा इतक्यापेक्षा जास्त की कमी' या पैजेसाठी एवढी माहिती कामाची असते.

मोठ्या चौकटीचं दंतकथेसारखं उदाहरण म्हणजे १९९७ ची नॅशनल लीगची अंतिम फेरी. पाचव्या सामन्यात अंपायर एरिक ग्रेगची चौकट इतकी रुंद होती की फ्लोरिडाच्या लिव्हान हर्नांडेझने १५ बॅटर स्ट्राइक-आउट केले. त्यात कुणाला पैशाचा वास आला नव्हता, तो त्या माणसाचा स्वभाव होता. आजच्या काळात तसं झालं असतं, तर तिसऱ्या इनिंगपर्यंत समाजमाध्यमांवर त्याचं बँक खातं शोधायला सुरुवात झाली असती.

चौकट बदलण्यामागे कधीकधी कारकुनी कारणही असतं. डिसेंबर २०२४ मध्ये अंपायरांच्या संघटनेबरोबर लीगचा नवा करार झाला. त्याआधी अंपायरांना गुण देताना चौकटीच्या कडेला बाहेरून २ इंचांची सूट असायची, ती पाऊण इंचावर आली. २०२५ च्या हंगामात कडेच्या चेंडूंना स्ट्राइक मिळेनात म्हणून पिचर वैतागले. नियमात काही बदललेलं नव्हतं, बदलला होता फक्त प्रगतिपुस्तकाचा तक्ता.

आता चेंडूवर दाद मागता येते म्हणतात. ते कसं चालतं?

२०२६ च्या हंगामापासून एबीएस चॅलेंज लागू झालं. एबीएस म्हणजे बॉल-स्ट्राइक यंत्राने ठरवण्याची पद्धत. अंपायर पूर्वीसारखाच निर्णय देतो. तो पटला नाही तर बॅटर, पिचर किंवा कॅचर यांपैकी कुणीतरी लगेच स्वतःच्या टोपीवर किंवा हेल्मेटवर टपली मारायची. डगआउटकडे बघायचं नाही, मॅनेजरला विचारायचं नाही. मैदानातल्या मोठ्या पडद्यावर चेंडूचं चित्र येतं आणि निकाल लागतो. प्रत्येक संघाला दोन संधी, बरोबर ठरलात तर संधी शाबूत. आपल्या डीआरएससारखंच, फक्त टी ची खूण करण्याऐवजी टपली.

२०२५ च्या वसंतातल्या सराव सामन्यांत ते करून पाहिलं. एका आव्हानाला सरासरी १४ सेकंदांहून कमी वेळ लागला, आणि आव्हान दिलेल्यांपैकी ५२ टक्क्यांच्या आसपास निर्णय फिरले. अंपायर वाईट आहेत असा याचा अर्थ काढू नका. लोक दाद मागतात ती काठावरच्या चेंडूंसाठी.

चौकट आता बॅटरच्या उंचीवरून काढतात. वरची रेष उंचीच्या ५३.५ टक्क्यांवर, खालची २७ टक्क्यांवर. सहा फुटी बॅटरसाठी जमिनीपासून साधारण साडेएकोणीस ते साडेअडतीस इंच. म्हणून सगळ्यांची उंची बूट काढून, सरळ उभं करून मोजली. तीही सकाळच्या वेळेत, कारण दिवसभरात माणूस किंचित आखडतो. अनेकांची छापील उंची या मोजणीत टिकली नाही, ही ऐकायला मजेची गोष्ट.

यात 'अंपायर्स कॉल' आहे का?

नाही. चेंडूचा केसभर भाग चौकटीला लागला तरी स्ट्राइक. क्रिकेटमध्ये यंत्रही चुकू शकतं हे मान्य करून काठावर माणसाला झुकतं माप दिलं आहे. बेसबॉलने ते दिलं नाही. व्यक्तिशः मला क्रिकेटची पद्धत जास्त प्रामाणिक वाटते, पण सट्टा कंपनीला कोणती आवडेल ते उघड आहे.

एबीएस सट्ट्यामुळेच आणलं ना?

लीग तसं म्हणत नाही, आणि मलाही ते पूर्ण खरं वाटत नाही. ही पद्धत २०१९ मध्ये अटलांटिक लीग या छोट्या लीगमध्ये तपासायला सुरुवात झाली, तेव्हा कायदेशीर सट्टा नुकताच रांगायला लागला होता. खरी कारणं जुनी आहेत. टीव्हीवर चौकट काढून दाखवायला लागल्यापासून घरी बसलेल्या प्रत्येकाला अंपायरची चूक दिसते. सामन्यातून हाकलले जाणारे खेळाडू आणि मॅनेजर निम्म्याहून जास्त वेळा बॉल-स्ट्राइकवरूनच भांडलेले असतात.

पण हे एकटं कारण नाही. घरबसल्या चूक दिसणाऱ्याचे पूर्वी पैसे अडकलेले नसायचे, आता असतात. एका चुकलेल्या स्ट्राइकने आता लाखो खाती इकडची तिकडे होतात, आणि ज्या लीगने सट्टा कंपनीला 'अधिकृत भागीदार' म्हटलंय तिला "माणूस आहे, चुकायचाच" हे उत्तर पूर्वीइतक्या सहज देता येत नाही.

मग सगळंच यंत्राकडे का देत नाहीत?

दक्षिण कोरियाने दिलंय. तिथल्या लीगमध्ये २०२४ पासून प्रत्येक चेंडूचा निर्णय यंत्र देतं, अंपायरच्या कानातल्या यंत्रात तो ऐकू येतो आणि तो फक्त हात उचलतो. अमेरिकेत खेळाडूंनाच ते नको होतं. कॅचरने मनगट हळूच आत वळवून बाहेरचा चेंडू आत दाखवणं ही इथे कला मानली जाते, त्यावर लोकांना पगार मिळतो. सगळं यंत्राकडे गेलं तर ती एका रात्रीत संपेल.

यंत्र आल्यावर फिक्सिंग थांबेल ना?

नाही. मला या सगळ्यात जे म्हणायचंय ते हेच. आपण सगळे अंपायरकडे डोळे लावून बसलो आणि चोर दुसऱ्या दाराने आला.

आरोपपत्र असं सांगतं: क्लीव्हलंड गार्डियन्सचा इमॅन्युएल क्लासे, लीगमधल्या सर्वोत्तम शेवटच्या फळीतल्या पिचरांपैकी एक, मे २०२३ पासून ओळखीच्या सट्टेबाजांना आपण कोणता चेंडू कसा टाकणार ते आधी सांगत होता. पुढे त्याने सहकारी लुईस ऑर्टिझला ओढलं. जून २०२५ मध्ये ऑर्टिझने दोन सामन्यांत ठरलेला पहिला चेंडू मुद्दाम चौकटीबाहेर टाकला. त्याचा मोबदला एकदा ५ हजार आणि एकदा ७ हजार डॉलर. सट्टेबाजांनी एकंदर ४ लाखांहून जास्त डॉलर कमावले, असा सरकारी पक्षाचा दावा आहे. दोघांनीही आरोप नाकारले आहेत.

क्लासेचा २०२५ चा पगार ४५ लाख डॉलर होता. हा आकडा ऐकून लोक विचारतात, मग कशाला? याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण सोपं का वाटलं असेल ते सांगता येतं. इनिंगचा पहिला चेंडू मातीत टाकला तर कुणाचं काय जातं? सामना हरत नाही, मोजणी ०-० ची १-० होते, पुढच्या तीन चेंडूंत बॅटरला बाद करता येतं. २०१० मध्ये लॉर्ड्सवर मोहम्मद आमिरने टाकलेले ते लांबलचक नो-बॉल आठवा. तोच हिशेब: संघाशी गद्दारी केली असं स्वतःला वाटू न देता विकता येईल एवढा लहान तुकडा.

आता एबीएसचं काय? प्लेटच्या दोन फूट अलीकडे मातीत आपटलेला चेंडू बॉलच आहे. अंपायर बॉलच देणार, यंत्रही बॉलच देणार, कुणी टोपीवर टपली मारणार नाही. निर्णय शंभर टक्के अचूक आणि चेंडू विकलेला. कॅमेऱ्याला चेंडू कुठे गेला ते दिसतं, तो तिथे का गेला ते दिसत नाही.

आरोपपत्रात एक प्रसंग आहे जो मी लोकांना नेहमी सांगतो. मे २०२५ मध्ये डॉजर्सविरुद्ध क्लासेने ठरल्याप्रमाणे चेंडू खाली टाकला. समोरच्या अँडी पाहेसला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्याने त्या टाकाऊ चेंडूवर बॅट फिरवली, चुकला, आणि तो स्ट्राइक झाला. सट्टेबाजांचे पैसे बुडाले. एवढ्या कटात एक बॅटर वाईट चेंडूला फसला आणि डाव फिसकटला. बेसबॉल अजून जिवंत आहे याचा यापेक्षा चांगला पुरावा मला माहीत नाही.

असे लोक सापडतात कसे?

बहुतेक वेळा सट्टा कंपन्यांच्या नोंदींतूनच. कायदेशीर सट्ट्याच्या बाजूने जो एक खणखणीत युक्तिवाद आहे तो हा: गल्लीतल्या बुकीची वही कुणाला दिसत नाही, ॲपची दिसते. ऑर्टिझच्या पहिल्या चेंडूवर न्यू जर्सी, ओहायो, न्यूयॉर्कमधून अचानक जास्त पैसे आले आणि नजर ठेवणाऱ्यांनी घंटा वाजवली. एरवी एका चेंडूवर लोक किरकोळच लावतात, तिथे हजारो आले की डोळ्यांत भरतं.

२०२३ मध्ये अलाबामा विद्यापीठाच्या बेसबॉल प्रशिक्षकाची नोकरी अशीच गेली. त्यांच्या सामन्याआधी सिनसिनाटीच्या मैदानातल्या सट्टा काउंटरवर कुणीतरी संशयास्पद रक्कम लावली होती.

आणि तुकुपिटा मार्कानो हा खेळाडू. त्याने बेसबॉलवर ३८७ पैजा लावल्या, त्यांत दुखापतीमुळे संघाबाहेर बसलेला असताना स्वतःच्या पिट्सबर्ग संघाच्या सामन्यांवरच्याही. जून २०२४ मध्ये त्याला तहहयात बंदी झाली. मेजर लीगवरच्या त्याच्या पैजांपैकी फक्त ४.३ टक्के जिंकल्या होत्या. आतल्या माणसाची आतली माहिती म्हणतात ती हीच.

२०० डॉलरची मर्यादा घातली म्हणे. पुरेल का?

आरोपपत्राच्या दुसऱ्याच दिवशी, १० नोव्हेंबर २०२५ ला, लीगने जाहीर केलं की अमेरिकेतल्या जवळपास सगळ्या सट्टा कंपन्या एका चेंडूवरच्या पैजेला २०० डॉलरची मर्यादा घालतील आणि असली पैज इतर पैजांच्या साखळीत जोडता येणार नाही. साखळी तोडणं हे जास्त मोलाचं, कारण मोठा परतावा तिथूनच मिळायचा. ओहायोचे गव्हर्नर माइक डिवाइन आधीपासून अशा पैजा सरसकट बंद करा म्हणत होते. मी त्यांच्या बाजूने आहे. वीस माणसं वीस फोनवरून दोनदोनशे लावू शकतात, आणि परदेशातल्या बेकायदा बाजाराला ही मर्यादा लागूच नाही.

लीगला यातून काय मिळतं?

पैसे. नोव्हेंबर २०१८ मध्ये, निकालानंतर सहा महिन्यांत, मेजर लीगने एमजीएम या कॅसिनो कंपनीशी करार केला. त्याआधी बास्केटबॉल लीगबरोबर मिळून त्यांनी राज्यांकडे लावलेल्या प्रत्येक डॉलरमागे १ टक्का मागितला होता आणि त्याला 'सचोटी शुल्क' असं गोंडस नाव दिलं होतं. राज्यांनी ते दिलं नाही, तेव्हा अधिकृत माहिती विकण्याचा मार्ग धरला. आज प्रत्येक संघाच्या खेळाडूंच्या खोलीत नियम २१ टांगलेला असतो: बेसबॉलवर लावलंत तर वर्षभर बाहेर, स्वतःच्या सामन्यावर लावलंत तर कायमचे. आणि शिकागोच्या रिग्ली फील्डला लागूनच सट्टा कंपनीच्या नावाचं चकचकीत दालन आहे.

पीट रोझला माफी मिळाली का?

सिनसिनाटीचा हा नामांकित खेळाडू. बेसबॉलवर सट्टा लावल्याबद्दल १९८९ मध्ये त्याच्यावर बंदी आली, सप्टेंबर २०२४ मध्ये तो गेला, मे २०२५ मध्ये मृत व्यक्तींची नावं बंदीच्या यादीतून काढण्यात आली. त्यात १९१९ च्या वर्ल्ड सिरीजमधल्या फिक्सिंग प्रकरणातला शूलेस जो जॅक्सनही होता. माफी म्हणायची तर म्हणा.

आणि ओहतानी?

शोहेई ओहतानी हा डॉजर्सचा जपानी तारा. त्याचा दुभाषा इप्पेई मिझुहाराने त्याच्या खात्यातून सुमारे १ कोटी ७० लाख डॉलर चोरून बेकायदा बुकीला दिले. २०२५ मध्ये त्याला ५७ महिन्यांची शिक्षा झाली. बेसबॉलवर लावल्याचं आढळलं नाही. ओहतानी या प्रकरणात फिर्यादीच्या जागी होता.

खेळाडूंना धमक्या येतात हे खरं आहे?

खरं आहे. मे २०२५ मध्ये ह्यूस्टनचा पिचर लान्स मॅकलर्स एका सामन्यात वाईट खेळला. त्या रात्री त्याच्या मुलांना मारण्याच्या धमक्या आल्या. पोलिसांनी माग काढला तर पैसे हरलेला, दारू प्यायलेला परदेशातला एक माणूस निघाला. त्याने माफी मागितली. अंपायरांच्या वाट्याला काय येत असेल त्याची कल्पना करा.

भारतात बसून यावर लावता येतं का?

नाही, आणि वाटेला जाऊ नका. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवरच बंदी आली आहे. इथे राहणाऱ्यांनी आपल्या राज्याचा कायदा बघावा. बहुतेक ठिकाणी वय २१ लागतं.

इकडे आलो की मैदानात सामना बघायचाय. काय बघू?

तिसऱ्या बेसच्या बाजूचं तिकीट काढा, म्हणजे उजव्या हाताने खेळणाऱ्या बॅटरची पाठ दिसेल आणि टोपीवरची टपली चुकणार नाही. टपली पडली की सगळं मैदान एकदम पडद्याकडे वळतं. तेव्हा तुम्ही अंपायरकडे बघा. तो हात मागे बांधून, मान वर करून, आपल्याच निर्णयाचा निकाल सगळ्यांबरोबर बघत उभा असतो.

मागच्या उन्हाळ्यात माझ्या पुढच्या रांगेत घरच्या संघाची जर्सी घातलेला एक विशीतला मुलगा होता. आमच्याच पिचरने पहिला चेंडू मातीत आपटला, समोरच्या बॅटरने त्यावर खुळ्यासारखी बॅट फिरवली, आणि सगळं मैदान खूश झालं. तो मुलगा फोन मांडीवर आपटून म्हणाला, "अरे, सोडायचा होता ना!" शेजारी बसलेल्या त्याच्या वडिलांनी आधी पिचरकडे पाहिलं, मग फोनकडे, आणि मग उठून हॉटडॉग आणायला गेले.